उसाकडे पाठ

दारणाकाठच्या त्या मळ्यांमध्ये अलीकडे एक नवा रिवाज पडला होता. उसाकडे पाठ करून बसायचं नाही. भाजी निवडायची असो, भांडी घासायची असोत की नुसतं पाय पसरून दुसऱ्याच्या सुनेची उणीदुणी काढायची असोत, माणूस तोंड उसाकडे करूनच बसणार. पाहुणा आला तर त्याची खाटही तशीच टाकायची, "असं बसा, तिकडं तोंड करून," आणि त्याने कारण विचारलं तर सगळे त्याच्याकडे, हा कुठल्या गावचा शहाणा, असं बघायचे. बिबट्या उभ्या माणसाला बिचकतो, बसलेल्या-वाकलेल्याला फारसा बिचकत नाही आणि पाठमोऱ्याला तर मुळीच नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

नवसाबाईने हा रिवाज सुनेला शिकवला, नातीला शिकवला, मळ्यावर येणाऱ्या गॅसवाल्यालासुद्धा शिकवला. तिचं घर आणि शेजारच्या सहादूचा ऊस यांच्यामध्ये एक बांध आणि वीसेक पावलांचं अंगण, एवढंच अंतर. सहादूला तिने दहादा सांगून पाहिलं, बाबा, इकडच्या बाजूला दुसरं काहीतरी लाव. तो दर वेळी हो म्हणायचा आणि दर वर्षी ऊसच लावायचा.

तिचा स्वतःचा मळा झेंडूचा, कडेला थोडी शेवंती. नाशिक रोडपासून रिक्षाने अर्ध्या तासावर. नवरा सावळीराम केव्हाच गेला होता. मुलगा ललित सिन्नरच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचा, सून प्रतिभा मळा सांभाळायची, आणि चार वर्षांची आर्वी या तिघांना नाचवायची. धाकटी मुलगी सुवर्णा नाशिकला खोली घेऊन राहायची आणि एका कॉलेजात पीएचडी करायची. कशात, तर कोंबडीच्या डोळ्यात. भावकीत यावर पुष्कळ करमणूक झाली होती. शिकून शिकून पोरगी कोंबडीपर्यंत पोचली, असं नवसाबाईचा दीर लग्नाच्या पंगतीत मोठ्याने म्हणाला होता, आणि कोंबडीला चष्मा कधी लावणार, असं दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं. नवसाबाई सगळ्यांबरोबर हसली होती. घरी येऊन मात्र ती रडली होती, कारण पोरीच्या वयाच्या साऱ्या जणी नांदायला गेल्या होत्या आणि ही कशासाठी झिजतेय ते आईलाही सांगता येत नव्हतं.

एका रविवारी मायलेकी ओट्यावर झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या. नवसाबाईने सरळ विषय काढला.

"मला एकदा नीट सांग बरं. लोक इचारत्यात, मी काय सांगू?"

सुवर्णाने एक फूल उचलून धरलं. "हा डोळा समज. डोळ्याला जे दिसतं ते मेंदूकडे जातं. ही वाट सगळ्यांना माहिती आहे. पण कोंबडीत आणखी एक वाट असते, उलटी. मेंदूकडून डोळ्याकडे येणारी. मेंदूत मागच्या अंगाला मोहरीएवढी एक गाठ असते. तिथून बारीक तंतू निघतात आणि थेट डोळ्याच्या पडद्यात शिरतात. उजव्या बाजूची गाठ डाव्या डोळ्याला सांगते, डावीकडची उजव्याला."

"काय सांगती?"

"तेच तर अजून कुणाला नक्की माहीत नाही. मला असं वाटतं, की दाणा टिपताना कोंबडीचं सगळं लक्ष दाण्यावर असतं. तेवढ्यात वरून सावली आली, तर मेंदू डोळ्याला सांगतो, दाणा सोड, तिकडे बघ. सरपटणाऱ्या प्राण्यांतही अशा वाटा सापडल्यात, पण जमिनीवरचं टिपून खाणाऱ्या पाखरांत त्या सगळ्यात ठळक. घारीत अगदी किरकोळ. घारीला कशाला हवी? तिला वरून कोण खाणार?"

"आन् माणसात?"

"माणसात नसल्यातच जमा."

नवसाबाईने समाधानाने मान डोलावली. "तरीच. तुझ्या बापाला समोरची मिठाची बरणी जन्मात दिसली नाय."

सुवर्णा इतकी हसली की तिच्या हातातली माळ सुटली. त्या दिवसापासून नवसाबाईला त्या मोहरीएवढ्या गाठीविषयी घरच्यासारखी माया वाटायला लागली. आपल्या पोरीचं सासर काही अगदीच वाईट नाही, अशी काहीतरी ती भावना होती.

पुढे सुवर्णाचा कॉलेजातला प्रयोग संपला आणि सहा कोंबड्या मळ्यावर आल्या. त्यांतल्या तिघींची ती उलटी वाट शस्त्रक्रियेने तोडलेली होती. उरलेल्या तिघींना नुसती भूल देऊन, वरवर काप घेऊन टाके घातले होते, म्हणजे तुलना करता यावी. प्रयोगानंतर त्यांना इंजेक्शन देऊन मारायचं ठरलं होतं. सुवर्णाच्याने ते झालं नसतं, म्हणून तिने कॉलेजच्या समितीपुढे खेटे घालून त्यांना घरी नेण्याची परवानगी काढली. सगळ्यांच्या पायात रंगीत कडी होती. कुठली कोणत्या गटातली, हे तिने आईला मुद्दाम सांगितलं नाही.

"सांगितलं तर तुला तसंच दिसेल," ती म्हणाली.

"मी काय खोटं बघन व्हय?"

"खोटं नाही गं. माहीत असलं ना, की डोळा आपोआप तिकडे झुकतो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा झुकतो."

पिंजऱ्यातले निकाल चांगले आले होते. पण तिच्या सरांनी एक शंका काढली. पिंजरा तो पिंजरा, उघड्या अंगणात हा फरक दिसतो का? म्हणून सुवर्णाने काळ्या पुठ्ठ्याची घार कापून आणली. ललितने हौसेने घराच्या वळचणीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत तार ताणून दिली, तिला घार अडकवली, सुतळी बांधली. सुतळी ओढली की घार सर्रकन अंगणावरून जायची. आर्वी तर त्या घारीवर खूश होती. दिवसभर ती दोन्ही हात पसरून अंगणात घिरट्या घालायची आणि कोंबड्यांना ओरडून सांगायची, पळा, मी आले.

मोजायचं कसं, हे नवसाबाईने स्वतःच ठरवलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण फुलं वेचायचा हात होता. पुढ्यात झेंडूची टोपली घ्यायची, दाणे टाकायचे, घार ओढायची. जिने मान वर केली तिच्या नावाने एक फूल डावीकडे, जिने नाही केली तिच्या नावाने उजवीकडे. कोणती कोणती ते ध्यानात ठेवायचं आणि नंतर सुवर्णाला फोनवर सांगायचं. सकाळच्या चहानंतरचा हा कार्यक्रम सगळ्या घराच्या थट्टेचा विषय झाला. "आई, आज कुणाकुणाची परीक्षा?" असं ललित बूट चढवता चढवता विचारायचा, आणि आपली आजी काहीतरी फार मोठं काम करते, असं आर्वीने अंगणवाडीत सांगून ठेवलं होतं.

पण सकाळच्या लख्ख उजेडात साऱ्या कोंबड्या सारख्याच शहाण्या निघाल्या. घार आली की सहाच्या सहा माना वर. सुवर्णाचा आवाज फोनवर दिवसेंदिवस बारीक होत गेला, आणि एके दिवशी तिने अडखळत विचारलं, "आई, संध्याकाळी बघशील का? उन्हं गेल्यावर, अंधार पडायच्या आधी. कमी उजेडातच फरक दिसेल असं मला वाटतंय."

"संध्याकाळी?" नवसाबाई म्हणाली. "बाई, संध्याकाळी आमी दार लावून घेतो. तुला ठावं नाय व्हय?"

"पाच-दहा मिनिटं फक्त. दादा-वहिनींना नको सांगूस, ते मला ओरडतील. राहू दे, तुला जमत नसेल तर राहू दे."

हे 'राहू दे' नवसाबाईला सोसलं नाही. पोरीने लहानपणापासून कशाचा हट्ट धरला नव्हता. दप्तर ललितचं जुनं वापरलं, कपडे मामेबहिणीचे वापरले, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होती तर दहा मिनिटं मागत होती. नवसाबाई म्हणाली, "बघते."

त्या दिवसांत ललितची पाळी बदलली होती, संध्याकाळी तो कामावर असे, आणि प्रतिभा मळ्याच्या पार त्या टोकाला बायकांबरोबर सकाळच्या बाजाराची फुलं तोडत असे. पहिल्या संध्याकाळी नवसाबाई रिवाजाप्रमाणे उसाकडे तोंड करून बसली. पण मावळतीचा सारा उजेड डोळ्यावर येत होता. कोंबड्या नुसत्या काळ्या दिसत होत्या, पायातलं कडं कुठलं दिसायला? दुसऱ्या संध्याकाळी तिने बसायचं बारदान उचललं, अंगणाच्या उसाकडच्या अंगाला नेऊन टाकलं आणि घराकडे तोंड करून बसली. आता उजेड मागून येत होता आणि निळं कडं निळं, हिरवं हिरवं दिसत होतं. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

आणि फरक दिसला. निळी, हिरवी आणि पांढरी, या तिघी घार डोक्यावरून गेली तरी खालीच. दाणा, दाणा आणि दाणा. बाकीच्या तिघी मात्र माना ताठ करून कडेकडेला पळायच्या. नवसाबाईने फोनवर रंग सांगितले तेव्हा पलीकडून सुवर्णाच्या रडण्याचा आवाज आला.

"त्याच आहेत, आई. त्याच तिघी. तू सोनं आहेस."

त्या रात्री नवसाबाईला आनंदाने झोप आली नाही. अंगठाबहाद्दर बाई ती, पण जगात कुणाला नक्की माहीत नसलेली गोष्ट तिने झेंडूच्या फुलांनी मोजली होती. ती रोज मोजू लागली. सुवर्णा म्हणायची, अजून थोडे दिवस, आकडे जितके जास्त तितकं बरं.

अशाच एका संध्याकाळी आर्वी तिच्याजवळ होती. इतर दिवशी ती आईबरोबर फुलांच्या वाफ्यात जायची, पण त्या दिवशी पायात काटा गेला म्हणून घरी राहिली होती. ती अंगणात लंगडी घालत होती आणि तिच्या पायाशी कोंबड्या बिचकत होत्या.

"आरू, अशी नाचू नको गं. कोंबड्या भेत्यात."

"मग मी घार ओढू?"

"उद्या ओढ. आता माझ्या पाठीमागं बस. गप. हलायचं नाय, बोलायचं नाय. आत्याचं काम हाय ना?"

आत्याचं काम म्हटल्यावर आर्वी शहाण्यासारखी आजीच्या पाठीमागे जाऊन बसली. ती बसली, हे नवसाबाईला पाठीला लागलेल्या तिच्या कोपरावरून कळलं. मग कोपर बाजूला झालं. पोर जरा मागे सरकून मातीत काहीतरी रेघोट्या काढत असावी. नवसाबाईने दाणे फेकले, कोंबड्या जमल्या, आणि तिने सुतळीला हात घातला.

अजून तिने ती ओढलीही नव्हती.

तीन कोंबड्यांच्या माना एकदम वर झाल्या. लाल, पिवळी आणि जांभळी. त्या फडफडत ओट्याकडे पळाल्या. निळी, हिरवी आणि पांढरी खालीच, दाणे टिपत राहिल्या. नवसाबाईच्या हाताने तीन फुलं डावीकडे टाकली, तीन उजवीकडे टाकली. मग तिच्या मनात आलं, मी तर घार ओढलीच नाही. आणि मग ती वळली.

मागे कुणी नव्हतं. बांधावरचं गवत हलत होतं आणि आर्वीची एक चप्पल तिथे पालथी पडली होती.

ती ओरडली ती कशी, ते तिला आठवत नाही. दोन मळे पलीकडे सिंधुबाईने तो आवाज ऐकला आणि हातातलं भांडं टाकून ती धावली. सहादू धावला, त्याची पोरं काठ्या आणि फटाके घेऊन धावली, प्रतिभा फुलांची ओटी सोडत वाफे तुडवत आली. नवसाबाई उसात शिरायला निघाली होती, तिला सिंधुबाईने कवळ घालून मागे ओढलं आणि ओट्यावर आणून बसवलं. "पुरुष गेलेत, तू बस, तू बस," एवढंच ती म्हणत राहिली. उसात बॅटऱ्या फिरत होत्या, फटाके वाजत होते, आणि प्रतिभा पोरीला नावाने हाका मारत सरीसरीतून जात होती.

ओट्यावरून नवसाबाईला अंगण दिसत होतं. अंगणात बारदान होतं आणि बारदानापाशी झेंडूचे दोन ढीग, एक डावीकडे, एक उजवीकडे. ते ढीग काय सांगतात, हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ललितने तर ती तार स्वतःच्या हाताने ताणली होती. ललित येईल, ते दोन ढीग बघेल, आणि त्याला कळेल की आई त्या वेळी कुणासाठी काय बघत होती. मग तो बहिणीचं तोंड आयुष्यात बघणार नाही. आणि ती पोर? ती पोर हे ऐकून जगेल का?

सिंधुबाई पाणी आणायला आत वळली, तेव्हा नवसाबाई उठली. तिने दोन्ही ढीग हाताने एकत्र केले, फुलं टोपलीत भरली, दाण्यांवर पायाने माती ओढली. नात उसात होती आणि ही फुलं गोळा करत होती. एवढं शहाणपण तिला त्या घडीला कसं सुचलं, देव जाणे. नंतर पुष्कळ दिवस तिला स्वतःच्या हातांची शिसारी येत राहिली.

आर्वीला त्यांनी बाहेर आणलं तेव्हा सहादूने आपल्या अंगावरचा सदरा काढून तिच्यावर घातला होता. बांधापासून फार आत नेलंही नव्हतं तिला.

एवढ्या लहान लेकराचं दहावं-तेरावं त्यांच्यात करत नाहीत. मातीआड करायचं आणि घरी यायचं. पण लोक बसायला येतात, आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, कसं झालं? पहिल्यांदा प्रतिभानेच विचारलं. तिचा आवाज गेलेला होता, नुसता श्वास बोलत होता.

"आत्याबाई, तुमी कुठं बघत व्हता?"

"मला डुलकी लागली," नवसाबाई म्हणाली.

"बसल्या बसल्या?"

"हां."

"उसाकडं पाठ करून?"

नवसाबाईने मान खाली घातली, आणि पाहणाऱ्यांना ती मान म्हणजे कबुलीच वाटली.

मग काय, म्हातारीला झोप आली आणि पोर गेली, ही गोष्ट नाशिक रोडच्या भाजीबाजारापर्यंत पोचायला किती वेळ? वनखात्याने पिंजरा लावला, बिबट्या अडकला. तोच का दुसरा, ते त्याचं त्यालाच माहीत. पोरांनी पिंजऱ्यासमोर उभं राहून फोटो काढले. ललितने घार काढून चुलीत घातली, तार गुंडाळून टाकली. आई जेवायला वाढायला लागली की तो भूक नाही म्हणून उठायचा. त्याने तिला एक वाकडा शब्द ऐकवला नाही, आणि ऐकवला असता तर तिला बरं वाटलं असतं. प्रतिभाला तिचा भाऊ माहेरी कळवणला घेऊन गेला. जाताना ती सासूच्या पाया पडली नाही. ती परत येईल की नाही, हे विचारायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

नवसाबाई सगळं गिळत राहिली. तिला त्यात एक आधार होता. पोर वाचली, असं ती मनाशी म्हणायची, आणि मग कुठली पोर वाचली हे आठवून तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

सुवर्णा त्या रात्री धावत आली होती, नंतरही दोनदा येऊन गेली होती, पण घर माणसांनी भरलेलं असायचं. ती भिंतीला टेकून बसायची आणि आईकडे बघत राहायची. ती काय विचारणार, हे नवसाबाईला माहीत होतं. लेकीबरोबर एकटं राहायचं ती टाळत होती. शेवटी एका दुपारी, ललित कामावर असताना, सुवर्णा न सांगता आली. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, केसांना कितीतरी दिवस तेल नाही. ओट्यावर आईच्या समोर बसली आणि तिने पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही.

"आई, एक विचारते. खरं सांग. माझी शपथ आहे."

"शपथा कशाला घालती?"

"त्या दिवशी संध्याकाळी तू कोंबड्या बघत होतीस ना? माझ्यासाठी?"

नवसाबाईने लेकीकडे नीट पाहिलं. खरं सांगितलं तर ही या ओट्यावरून उठेल, पण पुन्हा कधी उभी राहणार नाही, हे तिला तांब्यातल्या पाण्याइतकं स्वच्छ दिसलं. शपथ मोडली की शपथेचं माणूस मरतं म्हणतात. न मोडली तर मरणार होतं, त्याचं काय?

"नाय," ती म्हणाली. "डुलकी लागली व्हती. सांगितलं ना सगळ्यांना."

"पण तू रोज संध्याकाळी..."

"संध्याकाळचं मी कधी बघितलंच नाय, बाई. कोण बसंल तिन्हीसांजेला भाईर? जीव जड झालाय का?"

सुवर्णा बघतच राहिली. "अगं, तू मला फोनवर सांगायचीस. निळी नाही, हिरवी नाही, पांढरी नाही."

"मनाचं सांगत व्हते."

"मनाचं?"

"तू एवढी आस लावून बसायचीस. रडवेली व्हायचीस. म्हणलं, पोरीला बरं वाटंल."

"पण मग रंग बरोबर कसे आले? त्याच तिघी कशा?" आता सुवर्णाच्या आवाजात जरा धार आली होती. शिकलेली पोर होती, कुठे खाचखळगा आहे ते तिला कळत होतं.

"त्याच्यात काय अवघड हाय? दाणा टिपताना सावलीत त्या तिघींचा नेम चुकायचा. दिवसाच दिसायचं. म्हणलं, ह्याच असतील तुझ्या कापलेल्या." हे मात्र खरं होतं, आणि खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते किती घट्ट बसतं, हे नवसाबाईला त्या दिवशी कळलं.

सुवर्णाला पटलं. पटायला हवं होतं म्हणून पटलं. आईने बघितलं तिच्या चेहऱ्याकडे. आधी ओठ सैल झाले, मग खांदे खाली आले, आणि कितीतरी दिवसांत न घेतलेला मोठा श्वास तिने घेतला. ती रडली. नवसाबाईने तिला जवळ ओढलं, तिच्या कोरड्या केसांतून हात फिरवला, आणि मनात म्हणाली, सुटली बाई, सुटली.

थोड्या वेळाने सुवर्णा सरळ बसली. तिने तोंड पुसलं, पाणी प्यायली.

"म्हणजे तो सगळा भाग मला काढून टाकावा लागेल," ती म्हणाली. "संध्याकाळचा. सरांना काय सांगू मी?"

"काढून टाक."

"आई, तू असं खोटं सांगायला नको होतंस गं. मी त्यावर किती काय उभं केलं होतं."

"चुकलं माझं."

सुवर्णाची नजर अंगणावरून फिरत फिरत बांधापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. ओझं उतरलेल्या माणसाला आजूबाजूचं दिसायला लागतं, तसं तिला आता प्रथमच ते नीट दिसत असावं, ते वीस पावलांचं अंगण, तो बांध, त्यापलीकडचा ऊस. तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

"खरंच झोपली होतीस तू?" तिने विचारलं.

"हां."

"पोर पाठीशी असताना?"

नवसाबाईने समोरचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तू तरी जागं राहायचं ना गं, आई."

हे वाक्य ललित बोलला नव्हता, प्रतिभा बोलली नव्हती. बाजारात लोक बोलले असतील, पण तिच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. नवसाबाईने ते ऐकलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"हो," ती म्हणाली. "राहायला पायजे व्हतं."

उन्हं कलायच्या आत सुवर्णा निघाली. रस्त्यापर्यंत सोडायला येऊ का, असं नवसाबाईने विचारलं, तर ती नको म्हणाली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता मात्र ती उसाकडची कड सोडून आपसूक रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेली.

उन्हं गेली तरी नवसाबाई ओट्यावर बसून राहिली, तोंड उसाकडे करून. अंगणात सहा कोंबड्या शेवटचे दाणे टिपत होत्या. तेवढ्यात एक खरी घार नदीकडून आली आणि खालून, अगदी शेवग्याच्या शेंड्यावरून निघून गेली. लाल, पिवळी आणि जांभळी माना वर करून ओट्याकडे धावल्या. निळी, हिरवी आणि पांढरी टिपत राहिल्या.

नवसाबाईचा हात आपोआप पुढ्यात गेला. तिथे फुलं नव्हती. हात तसाच थोडा वेळ चाचपत राहिला. मग ती उठली, सहाच्या सहा कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, दगड लावला, आणि पुन्हा येऊन उसाकडे बघत बसली.